मदरबोर्ड बदलला, मग जुन्या हार्ड डिस्कचं काय?

शेगावात स्टेशनवरून मंदिराकडे निघालं की वाटेत लॉजचे काउंटर, झेरॉक्सची दुकानं, फोटो स्टुडिओ, पत्रिका छापणारे, टॅलीवर हिशेब ठेवणारे व्यापारी असं सगळं लागतं. गावात १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, म्हणजे मुलांच्या खोल्यांमध्येही कॉम्प्युटर आलेच. अशा ठिकाणी दहा-बारा वर्षं जुना डेस्कटॉप दिसला तर नवल नाही. बंद पडला की धूळ झटकायची, रॅम काढून खोडरबरने घासायची, तो पुन्हा सुरू होतो. आणि सुरू आहे तोवर कुणी त्याला हात लावत नाही.

पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स थांबवली. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही, पडणारही नव्हता. मात्र ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, लोकांचे आधार कार्ड स्कॅन होतात, ते मशीन अपडेटशिवाय चालवत राहणं धोक्याचं आहे. आणि विंडोज ११ जुन्या मशीनवर रीतसर बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, सिक्युअर बूट लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण ८व्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मग दुकानदार सांगतो, "बोर्डच बदलून टाका."

बोर्ड बदलायचा म्हणजे नुसता बोर्ड बदलून भागत नाही. एच६१ किंवा एच८१ चिपसेटच्या जुन्या बोर्डवरचा प्रोसेसर आजच्या एच६१० बोर्डच्या सॉकेटमध्ये बसत नाही. जुनी डीडीआर३ रॅम नव्या बोर्डच्या खाचेत जात नाही. म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही नवीन. जुन्यातलं उरतं काय? कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि ती हार्ड डिस्क, जिच्यात दहा वर्षांचं काम पडलेलं आहे. बाकी सगळं पैसे टाकून परत आणता येतं, डिस्कमधलं आणता येत नाही.

तर प्रश्न सरळ आहे. नव्या बोर्डला जुनी डिस्क लावली की आतला डेटा राहतो का?

राहतो. मदरबोर्ड बदलल्याने हार्ड डिस्कमधली एकही फाईल पुसली जात नाही. डेटा डिस्कच्या प्लेटवर चुंबकीय खुणांच्या रूपात असतो, त्याचा बोर्डशी संबंध नाही. फाईल्स जातात त्या बोर्ड बसल्यानंतरच्या तासाभरात, स्क्रीनवर आलेल्या एखाद्या प्रश्नाला कुणीतरी घाईने 'यस' किंवा 'ओके' म्हटल्यामुळे. याला मोठा अपवाद एकच, एन्क्रिप्शनचा. त्याकडे पुढे येऊ.

केबल बसते का?

बहुतेक वेळा बसते. डिस्क आणि बोर्ड यांना जोडणारी साटा नावाची पद्धत २००३ च्या सुमारास आली आणि तिचा प्लग आजवर तोच आहे. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीची साटा डिस्क आजच्या बोर्डला थेट लागते. तुमची डिस्क त्याहून जुनी, चपट्या रुंद पट्टीसारख्या केबलची असेल तर ती आयडीई. त्याचा सॉकेट आता नव्या बोर्डवर येत नाही. अशा डिस्कसाठी यूएसबीला जोडणारा अ‍ॅडॉप्टर मिळतो. फक्त एक बघून घ्या. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबी पोर्टमधून ते मिळत नाहीत. त्यामुळे वेगळं पॉवर अ‍ॅडॉप्टर असलेलाच संच घ्यावा. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कचं यूएसबीवर भागतं.

स्क्रू काढण्याआधी

दुकानात मशीन नेलं की पहिला प्रश्न येतो, "भाऊ, सी मंधी काई महत्त्वाचं हाय का?" आणि आपण ठोकून देतो, "नाही, सगळं डी मध्ये आहे."

खरा घोळ इथे होतो. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाईल्स सी ड्राईव्हमध्येच असतात. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स ही फोल्डरंही तिथेच असतात. स्टुडिओवाल्याचं अल्बमचं अर्धवट डिझाईन डेस्कटॉपवर असतं. सेवा केंद्रात स्कॅन केलेले दाखले 'न्यू फोल्डर (३)' मध्ये असतात आणि तो फोल्डरही डेस्कटॉपवरच. टॅलीचा डेटा इन्स्टॉल करताना कुणी मुद्दाम जागा बदलली नसेल तर तोही सी मध्येच सापडतो. टॅली उघडून कंपनी निवडायच्या स्क्रीनवर डेटाचा पत्ता दिसतो, तो आधी लिहून घ्या. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, आउटलुकचे जुने मेल हेही सी मधलेच. 'सी फॉरमॅट केला तरी डी सुरक्षित' हे वाक्य खरंच आहे, पण आपल्या फाईल्स डी मध्ये आहेत हा समज बऱ्याचदा खोटा निघतो.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी यात एक जादा अडचण आहे, फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधीच्या पत्रिका, स्मरणिका, अर्जांचे मसुदे श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाईप झालेले असतात. फाईल कॉपी होते, उघडते, पण फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. डेटा खराब झाला असं वाटून लोक घाबरतात. खरं तर फक्त फॉन्ट नसतो. म्हणून जुन्या विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवावं. जुन्या सॉफ्टवेअरची सीडी, लायसन्सचा कागद, असल्यास डोंगल हेही डिस्कइतकंच जपून ठेवायचं सामान. जुना डोंगल प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर बसणारा असेल तर तो पोर्ट नव्या बोर्डवर बहुधा नसेल, हे आधीच विचारून घ्या.

या सगळ्याची प्रत जुनं मशीन चालू असतानाच दुसऱ्या डिस्कवर घ्यायची. जुना बोर्ड चालतोय तोवर हे काम सोपं असतं. बोर्ड जळाल्यामुळेच बदलावा लागत असेल तर मात्र ही सोय नाही. मग प्रत नव्या बोर्डवर घ्यायची, पण इतर काहीही करण्याआधी.

आणि मशीन बंद करताना कीबोर्डवरचं शिफ्ट दाबून धरा आणि मग 'शट डाउन' करा. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर साधं शट डाउन केल्यावर सिस्टीम अर्धवट झोपलेली असते. अशी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून तिच्यावर काही लिहिलं तर फाईल्सचा हिशेब बिघडू शकतो. शिफ्ट धरलं की ती खरोखर बंद होते.

किल्ली बोर्डात, कुलूप डिस्कवर

आता तो अपवाद. विंडोजमध्ये बिटलॉकर नावाची सोय आहे. होम आवृत्तीत ती 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने येते. ती चालू असेल तर डिस्कवरचा सगळा डेटा सांकेतिक रूपात लिहिला जातो आणि तो उलगडणारी किल्ली बोर्डवरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएमच्या ताब्यात असते. रोज मशीन सुरू होताना टीपीएम गुपचूप किल्ली देतं, म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही. बोर्ड बदलला की ते टीपीएम गेलं. नव्या बोर्डवर तीच डिस्क लावली की निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते.

ती की नसेल तर? मग डेटा नाही. डिस्क ठणठणीत असते, फाईल्स जागेवर असतात, पण वाचता येत नाहीत. दुकानदार काही करू शकत नाही आणि मायक्रोसॉफ्टकडेही मागचा दरवाजा नाही. कुणी 'क्रॅक करून देतो' म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

दहा वर्षं जुन्या डेस्कटॉपवर हे कुलूप लागलेलं असण्याची शक्यता कमी, कारण त्यांच्यात बहुधा टीपीएमच नसतं. पण मागच्या काही वर्षांतला लॅपटॉप किंवा ब्रँडेड पीसी असेल तर नक्की तपासा. सी ड्राईव्हच्या आयकॉनवर छोटं कुलूप दिसतं का बघा, किंवा सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधा. चालू असेल तर की बहुतेकदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं होतं त्याच खात्यात साठवलेली असते. ते खातं कुणाचं, हा मजेशीर प्रश्न आहे. अनेक मशीनवर ते सेटअप करून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर असतं आणि तो आता पुण्याला नोकरीला असतो. त्याला आजच फोन करा, बोर्ड बदलल्यावर नको.

की कागदावर लिहून घेतली की बदलाच्या आधी बिटलॉकर 'सस्पेंड' करता येतं किंवा पूर्ण बंद करता येतं. बंद केल्यावर डिस्क उलगडायला वेळ लागतो, तो पूर्ण होऊ द्या.

विंडोज ११ बाबत आणखी एक. २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि कॅबिनेटमध्ये आत जोडलेल्या इतर डिस्कही त्यात येऊ शकतात. म्हणजे ज्या जुन्या डिस्कला कधी कुलूप नव्हतं तिला नव्या बोर्डवर आल्यावर ते लागू शकतं. इन्स्टॉल झाल्याबरोबर ही सेटिंग बघा. ठेवायचं असेल तर की लिहून ठेवा, नको असेल तर बंद करा.

'नो बूट डिव्हाइस' आणि त्यानंतरची घाई

बोर्ड बसला, जुनी डिस्क लावली, बटण दाबलं. काळा स्क्रीन आणि 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश. इथे नव्वद टक्के लोकांचं काळीज धडधडतं. (हा आकडा अंदाजाचा आहे, पण धडधड खरी आहे.) डिस्क गेली का?

गेलेली नसते. जुने बोर्ड बायोस पद्धतीने डिस्कवरून विंडोज सुरू करायचे आणि त्या डिस्कची विभागणी एमबीआर नावाच्या पद्धतीने केलेली असायची. ही पद्धत १९८३ सालची, डॉसच्या काळातली. नवे बोर्ड यूईएफआय पद्धतीने सुरू होतात आणि त्यांना विंडोज सुरू करायला जीपीटी विभागणीची डिस्क लागते. (चॅटजीपीटीशी याचा काही संबंध नाही.) मधली काही वर्षं बोर्डमध्ये सीएसएम नावाची जुळवून घेणारी सेटिंग असायची. इंटेलच्या अलीकडच्या बोर्डवर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ती वापरता येत नाही. त्यामुळे जुनी डिस्क 'दिसते' पण तिच्यावरून विंडोज 'सुरू' होत नाही.

या दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवला तरी अर्धं काम झालं. एमबीआर डिस्कवरून नवा बोर्ड विंडोज सुरू करणार नाही. पण नव्या एसएसडीवर विंडोज ११ टाकून मशीन सुरू केलं तर तीच एमबीआर डिस्क दुसरी डिस्क म्हणून अगदी व्यवस्थित वाचली जाते. तिला जीपीटी करायची गरज नाही, फॉरमॅट करायची तर अजिबात नाही.

प्रत्यक्षात होतं काय? विंडोजचा पेनड्राईव्ह लावला जातो. इन्स्टॉलर जुनी डिस्क दाखवतो आणि म्हणतो, या डिस्कवर एमबीआर आहे, इथे इन्स्टॉल करता येणार नाही. मग करणारा एकेक पार्टिशन निवडून 'डिलीट' दाबतो. सगळी उडाली की तो संदेश जातो, 'नेक्स्ट' चालू होतं आणि विंडोज बसते. मशीन मस्त सुरू होतं. डी ड्राईव्ह कुठे गेला, हे घरी आल्यावर कळतं.

यात दुकानदार वाईट नसतो. ५०० जीबीची भरलेली डिस्क सेकंदाला १०० एमबी या चांगल्या वेगाने कॉपी केली तरी साधारण दीड तास लागतो. हजारो छोटे फोटो असतील तर त्याहून कितीतरी जास्त. समोर चार मशीन पडलेली, गिऱ्हाईक 'संध्याकाळपर्यंत द्या' म्हणून मागे लागलेलं. बॅकअपचे वेगळे पैसे कुणी देत नाही. म्हणून बॅकअपचं काम मालकानेच आधी उरकलेलं बरं.

जुनी विंडोजच जशीच्या तशी नव्या बोर्डवर चालवायची असेल तर तेही जमतं. विंडोज १० मध्ये २०१७ पासून डेटा न पुसता एमबीआरचं जीपीटी करणारं साधन आहे. ते जुन्या बोर्डवरच चालवून घ्यायचं, अर्थात बॅकअपनंतर. विंडोज १० नव्या बोर्डचे ड्रायव्हर बऱ्यापैकी स्वतः शोधते. विंडोज ७ असेल तर हा नाद सोडा, नव्या बोर्डसाठीचे ड्रायव्हरच तिच्याकडे नसतात. सुरू होताना निळा स्क्रीन येऊन 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं म्हणत असेल तर बायोसमध्ये साटाची सेटिंग एएचसीआय आहे की रेड, हे जुन्या बोर्डवर जे होतं त्याच्याशी जुळवून बघावं. तरीही मोटारीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवल्यासारखा हा प्रकार असतो, काही ना काही वाजत राहतं. नवी छोटी एसएसडी घेऊन तिच्यावर स्वच्छ विंडोज टाकणं आणि जुनी डिस्क फक्त साठवणीला ठेवणं, हाच मार्ग बहुतेकांना परवडतो.

इन्स्टॉल करताना जुनी डिस्क लावूच नका

स्वच्छ विंडोज टाकताना कॅबिनेटमध्ये फक्त नवी एसएसडी जोडलेली असावी. जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी. याला दोन कारणं आहेत.

एक म्हणजे इन्स्टॉलर कधी कधी विंडोज नव्या डिस्कवर टाकतो आणि ती सुरू करणारा छोटा भाग जुन्या डिस्कवर. दोन वर्षांनी जुनी डिस्क काढली की नवं मशीन सुरूच होत नाही आणि कुणाला कारण सापडत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या काही मशीनवर व्हीएमडी नावाची सेटिंग चालू असते. तेव्हा वेगळा ड्रायव्हर दिल्याशिवाय इन्स्टॉलरला नवी एनव्हीएमई एसएसडी दिसत नाही. स्क्रीनवर एकच डिस्क दिसते, ती जुनी. करणाऱ्याला वाटतं हीच ती नवी, आणि तो तिच्यावर 'डिलीट' मारून मोकळा होतो. केबल काढलेली असेल तर फार तर एकही डिस्क दिसणार नाही, आणि मग माणूस विचार करतो.

विंडोज बसली, अपडेट झाली, मशीन नीट सुरू-बंद होतंय हे बघितलं, की पॉवर बंद करून जुनी डिस्क जोडा. चालू मशीनमध्ये नाही. डिस्क फिरत असताना तिला हलवूही नका. वाचणारं हेड प्लेटपासून केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट कमी अंतरावर तरंगत असतं आणि धक्क्याने प्लेटला घासू शकतं.

आता काही प्रश्न विचारले जाऊ शकतात. 'या ड्राईव्हमधली डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागेल' असं आलं तर कॅन्सल. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर 'डिस्क इनिशियलाइज करा' असं आलं तरी कॅन्सल. ज्या डिस्कवर काल डेटा होता तिला आज इनिशियलाइज करायला सांगितलं जात असेल तर काहीतरी बिनसलं आहे, आणि बिनसलेल्या डिस्कवर नवीन काही लिहायचं नसतं. आधी केबल बदला, दुसरा साटा पोर्ट वापरून बघा. स्वस्त यूएसबी अ‍ॅडॉप्टरमुळेही असा संदेश येतो. डिस्कवर 'फॉरेन' असं लिहून आलं तर ती जुन्या पद्धतीची डायनॅमिक डिस्क आहे. तिथे 'इम्पोर्ट फॉरेन डिस्क' निवडायचं, बेसिकमध्ये बदलायचं नाही.

जुन्या विंडोजमधलं तुमच्या नावाचं फोल्डर उघडताना 'परवानगी नाही' असं येईल. तिथे मात्र 'कंटिन्यू' दाबायला हरकत नाही. फक्त परवानगी बदलते, फाईल्स तशाच राहतात. मोठं फोल्डर असेल तर पाच-दहा मिनिटं हिरवी पट्टी सरकत राहते, धीर धरा.

डिस्कची तब्येत

दहा वर्षं फिरलेल्या डिस्कवर नव्या मशीनचा भार टाकण्याआधी तिची तब्येत बघून घ्यावी. डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती दाखवतं. निळं 'गुड' आलं तर ठीक. पिवळं 'कॉशन' आलं आणि 'पेंडिंग सेक्टर' समोर शून्य सोडून दुसरा काही आकडा असेल तर डिस्कचे काही तुकडे वाचता येईनासे झाले आहेत.

अशा वेळी मशीन सुरू होताना विंडोज स्वतःहून डिस्क तपासायला लागली, तर स्क्रीनवर सांगितलेल्या वेळेत कुठलंही बटण दाबून ती तपासणी थांबवा. मरायला टेकलेल्या डिस्कला दुरुस्त करायला लावलं की ती आणखी लवकर मरते. आधी सगळ्यात मोलाच्या फाईल्स कॉपी करा, मग उरलेल्या. सिनेमे शेवटी. टकटक असा आवाज येत असेल तर कॉपीही थांबवा आणि वीज काढा. डिस्क उघडून हेड बदलणारी प्रयोगशाळा धूळमुक्त खोलीत काम करते, शेगाव-खामगावच्या दुरुस्तीच्या टेबलावर ते होण्यासारखं नाही. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जो उपाय अजूनही फॉरवर्ड होतो, त्याने आत दव जमतं.

विदर्भातल्या उन्हाळ्याचाही इथे विचार करावा लागतो. बाहेर ४४-४५ अंश असताना बंद दुकानातल्या कॅबिनेटमध्ये डिस्क सहज ५० च्या वर जाते, आणि बहुतेक डिस्कसाठी कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ६० असते. तासन्‌तास चालणारी कॉपी मे महिन्यात दुपारी लावण्यापेक्षा रात्री लावा, कॅबिनेटचं झाकण काढून पंखा समोर ठेवा. मशीन यूपीएसवर असू द्या. कॉपीच्या मध्ये लाईट गेली तर 'कट' केलेल्या फाईल्सचा गोंधळ होतो, म्हणून नेहमी 'कॉपी'च करा आणि सगळं उघडून बघेपर्यंत मूळ फाईल पुसू नका.

चुकून पार्टिशन उडालंच तर मशीन लगेच बंद करा. क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका पुसतो, मजकूर तसाच असतो आणि तो बऱ्याच अंशी परत मिळतो, त्याच्यावर नवीन काही लिहिलं नसेल तरच. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करणं म्हणजे हरवलेल्या फाईल्सवर माती टाकणं. एसएसडीवर मात्र ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेला डेटा परत मिळण्याची आशा फार कमी.

लायसन्सचं थोडक्यात. मशीनबरोबर आलेली ओईएम विंडोज जुन्या बोर्डला बांधलेली असते, ती नव्या बोर्डवर हक्काने चालत नाही. वेगळी विकत घेतलेली रिटेल असेल तर चालते. ती आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवली तर बोर्ड बदलल्यावर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर 'हार्डवेअर बदललं आहे' असं सांगून पुन्हा चालू करता येते.

जुनी डिस्क विकायची असेल तर

सगळं कॉपी झालं, जुनी डिस्क आता नको. दोन-तीनशे रुपये मिळतात म्हणून ती दुकानातच सोडून येणारे खूप. त्याआधी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास माहीत असावा. एमआयटीतले दोन विद्यार्थी सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलत यांनी सेकंडहँड बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या. नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर, वैद्यकीय माहिती, खासगी पत्रं निघाली. एक डिस्क तर एटीएम मशीनमधली होती.

हे जुनं झालं म्हणावं तर सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने मॉर्गन स्टॅनली या बड्या वित्तीय कंपनीच्या शाखेला साडेतीन कोटी डॉलरचा दंड ठोकला. त्यांनी जुने सर्व्हर आणि हार्ड डिस्क हलवायचं काम अशा कंपनीला दिलं होतं जिला डेटा नष्ट करण्याचा अनुभवच नव्हता. त्यातली काही उपकरणं ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात विकली गेली. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा तो मामला होता.

एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर तालुक्याच्या सेवा केंद्राचं काय? तिथल्या एका डिस्कवर शेकडो लोकांचे आधार, पॅन, बँक पासबुक, सातबारा, जातीचे दाखले, सही आणि फोटो एकत्र असतात. कुणाच्या नावाने सिम किंवा कर्ज काढायला आणखी काय लागतं? आणि ज्यांची ही कागदपत्रं आहेत त्यांना ही डिस्क विकली गेल्याचं कधी कळणारही नाही. स्टुडिओच्या डिस्कवर लोकांच्या लग्नातले, घरातले, लेकीबाळींचे फोटो असतात.

म्हणून देण्याआधी पुसा, आणि नीट पुसा. डिलीट करून रिसायकल बिन रिकामा करणं म्हणजे पुसणं नाही. क्विक फॉरमॅटही नाही. डिस्क दुसरी म्हणून जोडा, फॉरमॅटच्या चौकटीतली 'क्विक' ही खूण काढा आणि पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्या तेव्हा सगळीकडे शून्य लिहितात. प्रत्येक पार्टिशनला हे वेगळं करावं लागतं. पूर्ण डिस्क एकदम पुसायची तर डिस्कपार्टमधला 'क्लीन ऑल' हा आदेश आहे, पण त्यात डिस्कचा क्रमांक चुकला तर नवी डिस्क साफ होते, म्हणून तेव्हाही दुसरी केबल काढलेली बरी. आजच्या फिरत्या डिस्कला एकदा पूर्ण लिहून काढलं तरी पुरतं, सात-सात वेळा करायची गरज नाही. एसएसडी असेल तर तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं 'सिक्युअर इरेज' वापरा.

चालूच होत नसलेली डिस्क पुसता येत नाही, ती फोडावी लागते. फ्रीजच्या चुंबकाने तिला काही होत नाही. ड्रिलने प्लेटमधून आरपार दोन-तीन भोकं पाडली की काम होतं. डेस्कटॉपच्या डिस्कमधल्या प्लेट बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये बऱ्याचदा काचेच्या, आणि त्या फुटल्या की तुकडे उडतात. त्यामुळे आधी जाड कापडात गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. नंतर ती घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असं सामान नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवं. नवा बोर्ड ज्या दुकानातून घेताय तिथेच विचारा, जुना बोर्ड आणि फोडलेली डिस्क ते पुढे कुणाला देतात.